टेंभलीचा अंगठा, नंदुरबारचा प्राणवायू

गेल्या पंधरा वर्षांत नंदुरबारचं नाव देशभर झालं ते मुख्यतः दोन बातम्यांमुळे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. दुसरी बातमी २०२१ची. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरं प्राणवायूसाठी धावत होती, तेव्हा नंदुरबारकडे स्वतःचे प्रकल्प होते. त्यातला पहिला सप्टेंबर २०२०मध्ये, पहिली लाट ओसरत असतानाच बसवलेला. या दोन्हींतून मला एकच गोष्ट दिसते: यंत्राचा गुण ते सांभाळणारा माणूस किती जवळ आहे त्यावर ठरतो. हवेतला नायट्रोजन अडवून प्राणवायू वेगळा करणारं यंत्र विकत मिळतं. पण इथे रुग्णांची पातळी तपासून गरजेपुरताच प्रवाह ठेवणाऱ्या खास परिचारिकाही नेमल्या होत्या आणि त्यामुळे प्राणवायू वाया गेला नाही. आधारच्या वाट्याला असा माणूस आला नाही. काँग्रेसच्या काळात आलेली ही योजना भाजपच्या काळात रेशनपर्यंत पोचली. पण मजुरीनं झिजलेला अंगठा यंत्रावर उमटला नाही किंवा सातपुड्यात रेंज नसली, तर दाद मागायची कुणाकडे?

आधार म्हणजे फक्त ओळख, तिच्यावर पुरवठ्याचा दोष कशाला, असं कुणी म्हणेल. पण धान्यच त्या ओळखीला बांधलं, की दोष तिच्याकडेही येतो. पडताळणी फसली म्हणून हक्क नाकारू नये, हे सर्वोच्च न्यायालयानंही २०१८च्या निकालात मान्य केलं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्राणवायूचं हे काम उभं करणारे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः डॉक्टर आणि भिल्ल समाजातले. असा अधिकारी दरवेळी कुठून मिळणार? खरं आहे. म्हणूनच प्रशिक्षित माणसांची पदं कायम हवीत. अधिकारी बदलून जातो, परिचारिका राहते. लोक भगताकडे जातात म्हणून आरोग्यसेवा पोचत नाही, हे कारण तर मला पटतच नाही. भगत पाड्यातच राहतो, पाड्याची बोली बोलतो आणि रात्री हाक मारली तरी येतो.

आता पाळी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची. १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, मुदत २०४७. रक्त तपासून कार्ड देणं त्यातलं सोपं काम. त्यावरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या मात्र रोज, वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात आणि मधूनमधून रक्त तपासावं लागतं. तेव्हा किती कार्डं वाटली यापेक्षा धडगाव-मोलगीच्या उपकेंद्रात ऐन पावसाळ्यात या गोळ्या असतात का, हे आमदार-खासदारांनी विचारावं.