कास्तेलुच्चोची मसूर

इटलीच्या उंब्रिया प्रांतांत, सिबिल्लिनी डोंगरांत, सुमारें १४५० मीटर उंचीवर कास्तेलुच्चो हें लहानसें गांव आहे. गांवाखालच्या विस्तीर्ण पठारावर बारीक मसूर पिकते. साल पातळ असल्यामुळें ती भिजवावी लागत नाहीं. लसूण व ऑलिव्हचें तेल घालून तिचें कढण करितात. उन्हाळ्यांत याच शेतांत तांबडीं-निळीं रानफुलें फुलतात व तीं पाहण्यास दूरदूरचे लोक येतात.

ता. ३० आक्टोबर २०१६ रोजीं भूकंपानें गांव बहुतेक जमीनदोस्त झालें, रस्तेही खचले. तथापि पेरणीची वेळ कोणासाठीं थांबत नाहीं. २०१७ च्या वसंतांत शेतकऱ्यांनीं ट्रॅक्टर वर नेऊन मसूर पेरलीच. घरें पडलीं तरी ज्याची पेरणी चुकली नाहीं, तें गांव मेलें असें आम्हांस म्हणवत नाहीं.