"महाग आहे" ऐकलं की तुमच्या तोंडून काय निघतं?

व्हिडिओत हा मुद्दा थोडक्यात आला, इथे जरा सविस्तर बोलू.

गिऱ्हाईक म्हणतं, "महाग आहे हो." लगेच तुम्ही म्हणता, "बरं, तुमच्यासाठी 50 कमी." अहो, त्याने कमी करा असं म्हटलंच कुठे होतं? किलोभर मसाला 400 ला विकताय, खर्च 300 आहे, म्हणजे तुमचा अर्धा नफा एका वाक्यात गेला. आणि गेला हे तुम्हाला कळलंही नाही. खरी अडचण तीच आहे.

1973 साली नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी नखं कुरतडण्यासारख्या सवयी मोडायची एक पद्धत मांडली. त्यात आधी सवय कधी सुरू होते ते पकडायला शिकवतात. मग तिच्या जागी दुसरी कृती. मला वाटतं, बोलण्याच्या सवयीलाही हे चालतं.

म्हणून आठवडाभर काही बदलू नका. न मागता भाव कमी केलात की गल्ल्याजवळच्या वहीत एक रेघ मारा, बस्स. ऑर्डर व्हॉट्सअॅपवर घेत असाल तर स्वतःचेच व्हॉइस मेसेज परत ऐका. (कानाला बरं वाटणार नाही, तरी ऐका.)

पुढच्या आठवड्यात "महाग" ऐकलं की विचारा, "कशाच्या मानाने महाग वाटतंय?" आणि गप्प बसा. ओळखीच्या माणसासमोर हे गप्प बसणंच सगळ्यात जड जातं. पण कदाचित उत्तर येईल, "एवढा किलोभर नको होता." मग अर्धा किलो द्या, 200 ला.