फेरफाराची नोटीस वाचा, पंधरा दिवस वाया घालवू नका

व्यापारी बंधूंनो, लूमवरून उतरलेला ताका आपण तसाच पार्टीकडे पाठवत नाही. फोल्डिंगच्या टेबलावर तो उलगडतो, डॅमेज पाहतो, मीटर मोजतो, मगच शिक्का मारतो. कारण हे ग्रे कापड एकदा रंगाईला गेले की पुढे कोणी तक्रार ऐकून घेत नाही. मालाच्या बाबतीत इतके चोख असलेले आपले लोक जमिनीच्या कागदाच्या बाबतीत मात्र डोळे मिटून बसतात. याची किंमत काय पडते, त्याची ही एक हकीकत.

माझ्या ओळखीच्या एका लूमवाल्याच्या वडिलांची भिवंडी तालुक्यातील दिघाशी येथे थोडी जमीन होती. वडील वारले. मागे पत्नी, दोन मुलगे व तीन मुली. शरीअतच्या हिशेबाने आठ वाटे करा: आईचा एक, प्रत्येक मुलाचे दोन आणि प्रत्येक मुलीचा एक. हिशेब सरळ होता. पण वारस नोंदीच्या अर्जात धाकट्या बहिणीचे नाव राहून गेले. ती लग्न होऊन मालेगावला गेलेली. मुद्दाम राहिले की चुकून, ते अल्लाह जाणे. गावात नोटीस लागली, ती कोणी वाचली नाही. मुदत संपली, नोंद मंजूर झाली.

दोन वर्षांनी गोदामासाठी पार्टी आली. भाव ठरला, बयाणाही ठरला. पार्टीच्या वकिलाने घरच्यांची चौकशी केली तेव्हा पाचवे अपत्य निघाले. पार्टी उठून गेली. बहीण दुखावली, भावांचा सौदा बुडाला, आणि आता सगळे मिळून प्रांताच्या कचेरीत तारखा घेत आहेत. जे काम एका फेरीत फुकट झाले असते, त्याला वकिलाची फी लागली.

सातबाऱ्यावर नाव एकदम चढत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० मध्ये त्याची रीत दिली आहे. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते आधी गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद धरतात. त्याच वेळी तिची प्रत चावडीवर लावतात आणि ज्यांचा संबंध कागदावर दिसतो त्यांना नोटीस देतात. हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतात आणि तेव्हाच सातबारा बदलतो. हरकत आली तर ती तक्रारी नोंदवहीत जाते आणि दोन्ही बाजू ऐकून निकाल होतो.

यातली खोच ध्यानात घ्या. नोटीस जाते ती कागदावर नाव असलेल्यांना. जिचे नाव अर्जातच गाळले गेले, तिला नोटीस कुठून जाणार? तिच्यासाठी उरते ती फक्त चावडीवरची प्रत. म्हणून ती वाचण्याची जबाबदारी घरातल्या प्रत्येकाची आहे.

कोणी म्हणेल, सातबाऱ्यावर नाव नसले म्हणून हक्क थोडाच जातो? खरे आहे. फेरफाराच्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही व संपतही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले आहे. पण त्याच महसूल कायद्याचे कलम १५७ म्हणते की प्रमाणित नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाईल. म्हणजे सिद्ध करण्याचे ओझे गाळल्या गेलेल्या माणसाच्या डोक्यावर. तोवर त्या जागेवर गोदामाचे पत्रे चढलेले असतात.

२०१७ मध्ये सातबारे संगणकावर चढवताना सरकारने गावोगाव चावडी वाचन घेतले होते. हाताने लिहिलेला उतारा व संगणकाचा उतारा ताडून पाहा, चूक असेल तर सांगा, असे बोलावणे होते. जे गेले त्यांच्या चुका तिथेच निघाल्या. जे दुकानावर बसून राहिले ते आजही कलम १५५ खाली दुरुस्तीचे अर्ज घेऊन फिरत आहेत.

आता चावडीपर्यंत चालत जाण्याचीही गरज नाही. महाभूमीच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ या सदरात जिल्हा, तालुका, गाव निवडले की त्या गावच्या फेरफाराच्या नोटिसा मोबाईलवर दिसतात. खरेदीखत नोंदवले की दुय्यम निबंधकाकडून खबर तलाठ्याकडे आपोआप जाते, म्हणून नोटीसही लवकर लागते.

तेव्हा एवढे करा. घरात मयत झाली की अर्ज देण्यापूर्वी सर्व वारसांना, विशेषतः बहिणींना, नावांची यादी वाचून दाखवा. नोटीस लागली की नाव, गट नंबर, क्षेत्र व हिस्सा एकेक करून ताडा. चूक दिसली तर मुदतीत हरकत घ्या. कायद्याने ती तोंडीही चालते, पण लेखी द्या आणि पोच मागून घ्या. बहिणीला हिस्सा सोडायचा असेल तर तो तिच्या राजीखुशीने, नोंदणीकृत हक्कसोडपत्रानेच. जमीन घेणाऱ्याने सातबाऱ्याखाली ‘प्रलंबित फेरफार’ काय लिहिले आहे ते पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. आणि नोंद मंजूर होऊन गेली असेल तर प्रांताकडे अपिलाची मुदत साठ दिवसांची आहे, ती तरी चुकवू नका.

दिघाशीच्या त्या घरात आता धाकट्या बहिणीचे नाव चढवायला भावांचीच ना हरकत नाही. तरी तारखा चालूच आहेत.