मरोळचा गाळा आणि कंपनीची पाटी

मरोळ एमआयडीसीत गाळा घेऊन एकट्याच्या नावावर धंदा करणाऱ्याचं देणं थकलं, तर वसुली त्याच्या घरादारापर्यंत येऊ शकते. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये जबाबदारी भागभांडवलापुरतीच. दोन भागधारक, दोन संचालक लागतात. एकट्यासाठी 2013च्या कंपनी कायद्यात एकल व्यक्ती कंपनी आहे. किमान लाखभर भांडवलाची अट 2015 मध्ये गेली. कंपनी नोंदवायला डिजिटल सही काढून 'स्पाइस प्लस' अर्ज ऑनलाइन भरायचा. पॅन, टॅन त्यातूनच मिळतात. गाळा भाड्याचा असेल तर कंपनीच्या पत्त्यासाठी मालकाचं ना-हरकत पत्र आणि ताजं वीजबिल आधी हातात घ्या. मालक अशा कागदांना बिचकतात. लेखापरीक्षण मात्र दरवर्षी, धंदा झाला नाही तरी. आणि बँकेने कर्जासाठी संचालकाची वैयक्तिक हमी घेतली, की त्या कर्जापुरतं घर पुन्हा टांगणीला.