दोन मिनिटांचा विमानप्रवास

दोन गांवांमधील अंतर इतकें, गाडीचा वेग इतका, तर प्रवासास किती वेळ लागेल? अंकगणिताच्या पुस्तकांतील हें उदाहरण कोणास ठाऊक नाहीं? अंतरास वेगानें भागावें, कीं उत्तर तयार. हीच रीत विमानास लाविली तर काय होतें, हें आम्ही एका खऱ्या मार्गावरून दाखवूं इच्छितों.

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नांवाचा द्वीपसमूह आहे. त्यांतील वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या बेटांवर एकेक लहानसा विमानतळ असून दोहोंमधील अंतर अवघें 2.7 किलोमीटर आहे. लोगनएअर कंपनीनें ही सेवा 1967 सालीं सुरू केली. नियमित विमानसेवांत जगांतील सर्वांत आखूड म्हणून तिची ख्याति आहे. तेथें उडणाऱ्या ‘आयलंडर’ या दोन इंजिनांच्या छोट्या विमानाचा वेग ताशीं सुमारें 240 किलोमीटर धरावा. भागाकाराचें उत्तर येतें 40 सेकंद. वेळापत्रकांत मात्र 2 मिनिटें धरलेलीं असतात, आणि विक्रम म्हणून सांगितलें जातें तें उड्डाणही 53 सेकंदांचें आहे!

भागाकार चुकला नाहीं. विमान आरंभापासून अखेरपर्यंत एकाच वेगानें जातें, हें गृहीत चुकलें. त्यास धांवपट्टीवर वेग घ्यावा लागतो, वर चढावें लागतें, आणि पूर्ण वेग येतो न येतो तोंच उतरण्याची तयारी करावी लागते. शिवाय विमान शक्यतों वाऱ्याकडे तोंड करून उडतें व तसेंच उतरतें. त्यासाठीं कधीं वळसा घालावा लागतो. लांबच्या प्रवासांत हा वेळ लपून जातो. येथें तोच सारा प्रवास होऊन बसतो.

इतक्या जवळ विमान कशाला, असें पालकांच्या मनांत येईल. या दोन बेटांमध्यें नावही चालते. परंतु पापा वेस्ट्रेवर शंभराच्या आसपासच माणसें राहतात. इस्पितळ आहे तें दूर, कर्कवॉल शहरीं, आणि हेंच विमान त्यांस तेथवर पोंचवितें. हिंवाळ्यांत समुद्र खवळला असतां घरांत कोणी आजारी असेल, तर या छोट्या विमानाची किंमत काय, हें त्या बेटकरांसच विचारावें.

वाऱ्याचा आणखी एक चमत्कार आहे. समजा, दोन विमानतळ 240 किलोमीटर दूर आहेत, विमानाचा वेग ताशीं 240 किलोमीटर आहे व जातांना पाठीमागून ताशीं 60 किलोमीटरचा वारा आहे. जाण्यास 48 मिनिटें लागतील. येतांना तोच वारा समोरून. म्हणून 80 मिनिटें. वाचलीं 12, गेलीं 20! कारण उघड आहे: प्रतिकूल वाऱ्यांत विमानास अधिक वेळ राहावें लागतें. आतां वारा ताशीं 120 किलोमीटरचा धरून विद्यार्थ्यांनीं हेंच उदाहरण सोडवावें. नंतर 240 चा धरावा, आणि परतीचें उत्तर काय येतें तें घरीं वडील मंडळींस दाखवावें.