मॅनेजर निवडताना नावाआधी आपला संघ पाहा

जानेवारी 2024 मध्ये युर्गन क्लॉपनं लिव्हरपूल सोडत असल्याचं जाहीर केलं आणि चाहत्यांच्या तोंडी एकच नाव आलं, शाबी अलोन्सो. साहजिकच होतं. 2005 च्या इस्तंबूलच्या फायनलमध्ये बरोबरीचा गोल मारणारा आपला माणूस, शिवाय त्याचं लेव्हरकुसेन त्या मोसमात एकही सामना न हरता बुंडेसलिगा जिंकलं. पण आला फायनूर्डचा आर्ने स्लॉट. त्याची पद्धत क्लॉपच्या खेळाडूंच्या अंगवळणी पडलेल्या खेळाशी जुळणारी होती; चेंडू गमावताच तो परत मिळवायला तुटून पडणं तेच, फक्त चेंडू पायाशी असताना घाई कमी. आदल्या मोसमात बऱ्याचदा बाकावरून येणाऱ्या ग्राव्हनबर्खला त्यानं बचावफळीच्या पुढ्यात खेळवलं आणि 2024-25 ची प्रीमियर लीग चार सामने राखून जिंकली. नव्या मॅनेजरच्या नावांची यादी करताना आधी आपले मिडफिल्डर पाहायचे, ते यासाठी.

"क्लॉपनं आयतं ताट वाढून ठेवलं होतं" हा आक्षेप मला पटत नाही. 2013 मध्ये मँचेस्टर युनायटेडला आलेल्या डेव्हिड मॉयेसलाही फर्ग्युसनचा विजेता संघच मिळाला होता. मॉयेस वर्षभरही टिकला नाही आणि युनायटेड सातवं आलं. क्लबवर माया असलेला माणूस हवा, हे म्हणणं मला मनापासून समजतं, पण ती माया पुरेशी नाही. चेल्सीनं जानेवारी 2021 मध्ये लाडक्या लॅम्पार्डला मॅनेजरपदावरून काढलं. त्याच्या जागी आलेल्या टुखेलनं तेच खेळाडू घेतले, मागे तीन सेंटरबॅक लावले, मागे पडलेल्या रुडिगरला पुन्हा नियमित खेळवलं आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली.