ठासणीच्या बंदुकीतली चिंधी

यंदाच्या अंकासाठी मी चिंधीवर लेख लिहितो आहे असे सांगताच संपादक मंडळातल्या एका मित्राने, "कथा की कविता?" असा प्रश्न केला. दोन्हीही नाही. ठासणीच्या बंदुकीत गोळीभोवती किंवा दारूवर जो कापडाचा तुकडा घालतात, तो कोणत्या कापडाचा असावा एवढाच माझा विषय आहे. मीरा रोडच्या शांती नगरात राहणाऱ्या मुलाला हा विषय सुचावा तरी कसा, असे वाचकांना वाटेल. आमच्या सेक्टरात बंदूक दिसते ती बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर, आणि तीही बिचारी कधी उडालेली कोणी ऐकलेली नाही. पण आमचे गाव कुडाळ तालुक्यात आहे आणि तिथल्या घरात ठासणीची बंदूक आहे.

ही बंदूक आजोबांची. ते मूळचे गिरणी कामगार, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो कधी मिटलाच नाही, आणि इतर हजारो चाकरमान्यांप्रमाणे तेही ट्रंक घेऊन गावी परतले. काजूची कलमे लावली. काजू आला तशी माकडेही आली, डुकरेही आली. पिकाच्या रक्षणासाठी शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यातच आहे. आजोबांनी तसा परवाना काढला. पुढे त्यांची नजर अधू झाल्यावर तो काकांच्या नावावर झाला. निवडणूक आली की ही बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि माकडांना आचारसंहिता लागू नसल्याने तेवढे दिवस बागेची दैना होते, ही आमच्याकडची नेहमीची तक्रार. असो.

आता ठासणी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. या बंदुकीला काडतूस नसते. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तिच्यावर काथ्याचा, कागदाचा किंवा चिंधीचा बोळा घालून लोखंडी गजाने ठासायचा, मग छर्रे आणि त्यावर पुन्हा बोळा. माकडे नुसती पळवून लावायची असतील तर छर्रे नकोतच. दारू आणि बोळा एवढ्यावर बार निघतो. बोळ्याचे काम दारू दाबून धरण्याचे आणि तिचा वायू कडेने निसटू न देण्याचे. आजोबा काथ्या वापरत नसत. जन्म कापडात गेलेला माणूस; कोणतीही चिंधी हाती आली की आधी ती उजेडासमोर धरत, दोन्ही हातांनी उभी-आडवी ताणून बघत आणि मगच तिला खोबरेल लावत. हे सारे लहानपणी आम्हां नातवंडांना थट्टेचे वाटे.

चिंध्यांचा पुरवठा मुंबईहून होई. गणपतीला आणि मे महिन्यात गावी जाताना प्रत्येक चाकरमान्याच्या सामानात जुन्या कपड्यांचे एक गाठोडे असतेच. एके काळी या गाठोड्यात मांजरपाटाचे लेंगे, धोतरे, सुती सदरे, पलंगपोस असत. हळूहळू टेरिकॉट आले, मग निव्वळ पॉलिएस्टर. गाठोडे बाहेरून तसेच दिसे, आतले कापड मात्र बदलले होते. आम्ही नेतच राहिलो, गावची माणसे घेतच राहिली.

मी सहावीत असतानाच्या मार्च महिन्यातली गोष्ट. आजोबा डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी कुडाळला होते. काजूच्या बोंडांवर माकडांची टोळी उतरली म्हणून काकांनी गाठोड्यातला एक जुना सदरा फाडून, त्याची बाही कोरडीच गुंडाळून बोळा केला आणि बार काढला. माकडे पळाली. अर्ध्या तासाने धूर दिसला. धुमसणारा बोळा वाळल्या गवतात पडला होता. गवताची उडवी गेली आणि काजूची अकरा कलमे गेली. आजोबा परत आले ते एका डोळ्यावर पट्टी बांधूनच, आणि काठीने राख उकरत हिंडले. त्यांना सापडली ती एक काळी, कडक, मण्यासारखी गाठ; तिला कफाची शिवण अजून चिकटलेली होती. उरलेल्या सदऱ्याचा एक धागा त्यांनी काडीवर धरला. तो आखडला, त्याचा थेंब झाला, थेंब कडक झाला. "ह्यां कापड न्हय रे, ह्यां प्लास्टिक," एवढेच ते म्हणाले. काकांना ते एका शब्दानेही बोलले नाहीत. सदरा माझ्या शाळेच्या गणवेशातला होता आणि गाठोड्यात तो मीच घातला होता.

या प्रसंगाचा उलगडा मला बऱ्याच उशिरा झाला. सुती कापड जळते, पण वितळत नाही. पॉलिएस्टर एकटे असेल तर वितळून ज्योतीपासून मागे सरते. दोन्ही एकत्र असली म्हणजे सुती धागा दिव्यातल्या वातीसारखा जळत राहतो आणि वितळलेले पॉलिएस्टर त्याला तेलासारखे धरून राहते, शिवाय जिथे पडेल तिथे चिकटते. नळीतही त्याचा थर बसतो, तो वेगळाच. मात्र दोष सगळा टेरिकॉटवर ढकलणे न्यायाचे होणार नाही. कोरडी, विरलेली सुती चिंधीही तासभर धुमसू शकते. तेल लावण्यातले आजोबांचे शहाणपण ते हेच.

चिंधीचे खरे शास्त्र मात्र आमच्या साध्या नळीच्या बंदुकीत नाही, ते ठासणीच्या रायफलीत आहे. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. पण अडचण अशी की खाचांत घट्ट बसेल एवढी मोठी गोळी तोंडाकडून आत घालायची तर ती हातोडीने ठोकावी लागेल, आणि सहज आत जाईल एवढी लहान घेतली तर खाचा तिला धरणार नाहीत. यावर युरोपातल्या कारागिरांनी उपाय काढला तो चिंधीचा. गोळी थोडी लहान घ्यायची आणि तेल लावलेल्या कापडात गुंडाळून गजाने खाली सारायची. कापड खाचांत शिरते, खाचा कापडाला फिरवतात आणि कापड गोळीला. नळीबाहेर पडताच चिंधी गळून पडते, गोळी पुढे जाते. जर्मन कारागिरांनी ही विद्या अठराव्या शतकात अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात नेली. ब्रिटिशांच्या बेकर रायफलीतही १८०० पासून अशीच चिंधी होती. अमेरिकेत या जुन्या रायफलींच्या नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९३३ साली निघाली, आणि तिथले हौशी नेमबाज आजही कापडावर तासन्‌तास वाद घालतात.

वाद घालण्यासारखे त्यात आहेही. समजा नळीचा व्यास १२.७ मिलिमीटर आहे, म्हणजे अर्धा इंच. गोळी घेतात साधारण १२.४५ मिलिमीटरची. उरली पाव मिलिमीटर जागा, तीही दोन बाजूंत वाटून. म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम एक अष्टमांश मिलिमीटर. या फटीत जे कापड बसवायचे ते मात्र चांगले ०.४ मिलिमीटर जाडीचे असते! कापड तिपटीने दबते आणि उरलेले खाचांत शिरते. इतके दाबूनही जे फाटणार नाही आणि वर दारूची आच एक क्षण सोसेल, तेच कापड कामाचे. म्हणून नुसती जाडी पुरत नाही, वीण घट्ट हवी. ताणा आणि बाणा यांच्यामध्ये उजेड दिसला की ती चिंधी बाद. आजोबा चिंधी उजेडासमोर का धरत, ते मला इथे कळले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी हा प्रयोग करायचे ठरवले. बंदूक गावी, तेव्हा निदान कापडे तरी मोजावीत. आमच्याच आवारातल्या विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळेतून स्क्रू गेज मागून घेतले (कला शाखेचा विद्यार्थी ते कशाला नेतो, याचे स्पष्टीकरण देण्यातच दहा मिनिटे गेली) आणि शांती नगरातली दुकाने पालथी घातली. मलमलीची जाडी भरली ०.१४ मिलिमीटर, ती उजेडासमोर धरायचीही गरज नाही, पलीकडचा दुकानदार स्पष्ट दिसतो. पॉपलिन ०.२१, वीण उत्तम, अंगाने मात्र बारीक. मांजरपाट धुण्यापूर्वी ०.२८ आणि धुतल्यावर ०.३१, कारण धुतल्यावर सूत आटते आणि कापड फुगते. जीनचे कापड ०.७ च्या वर. ते खोल खाचांच्या नळीलाच चालेल. बनियनचे कापड घ्यायला मऊ, पण विणीत फास असल्याने ते रबरासारखे ताणले जाते, ते नकोच. खादीविषयी मला फार आशा होती. पण हातसुताचा धागा कुठे जाड, कुठे बारीक; एकाच तुकड्यावर चार ठिकाणी चार जाड्या आल्या. अंगावर घालायला जो तिचा गुण, तोच इथे दोष ठरतो. युरोपात जुन्या काळी जवसाच्या खोडापासून काढलेल्या धाग्याचे लिनन वापरत आणि ते उत्तमच असते. पण आपल्याकडे जवस पिकवतात ते मुख्यतः तेलासाठी, आणि लिननचा भाव विचारून मी दुकानातून तसाच बाहेर आलो.

शेवटी हवे ते सापडले ते एका गादीवाल्याकडे. गादी-उशीच्या खोळीचे निळ्या पट्ट्यांचे जाड सुती कापड, म्हणजे आपले गादीपाट. कापसाचे तंतू बाहेर येऊ नयेत म्हणून ते मुद्दाम तिरक्या विणीने घट्ट विणलेले असते. जाडी ०.४२! अमेरिकेतले नेमबाजही पिढ्यान्‌पिढ्या हेच, उशीच्या खोळीचे पट्ट्यांचे कापड पसंत करतात हे मी वाचले होते. ते आमच्या घरापासून तीन मिनिटांवर मिळत असेल असे मात्र वाटले नव्हते. "उशी किती बाय किती?" असे गादीवाल्याने विचारले, तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घरी येऊन एक धागा काडीवर धरला. कागद जळल्याचा वास आला, राख मऊ, बोटाने चुरडली जाणारी. मणी झाला नाही. कारण आता गादीपाटही मिश्र धाग्याचे येऊ लागले आहे, तेव्हा दुकानदाराच्या शब्दापेक्षा काडी बरी.

नवे कापड तसेच वापरता येत नाही. गिरणीत ताण्याच्या धाग्याला खळ लावतात, ती कापडात राहते. कापड कडक होते, तेल पीत नाही आणि खळ जळून नळीत चिकटते. म्हणून ते गरम पाण्यात सोडा घालून दोन-तीनदा धुवावे. मग तेल. बंदुकीच्या काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घन रूपात मागे राहतो, त्याची काजळी नळीत साचते आणि पुढची गोळी अडते. तेलकट चिंधी ही काजळी मऊ ठेवते आणि थोडी पुसूनही नेते. खनिज तेल मात्र चालत नाही, त्याचा काळ्या दारूशी डांबरासारखा चिकटा होतो. मेण, वनस्पती तेल किंवा प्राण्यांची चरबी, ही जुनी वंगणे.

चरबी म्हटल्यावर इतिहासाच्या विद्यार्थ्याला १८५७ आठवणारच. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल आली तिच्यात गोळी लांबट होती आणि चिंधीची जागा काडतुसाच्याच वंगण लावलेल्या कागदाने घेतली होती. गोळीभोवतीचे हे वेष्टन दाताने तोडायचे, आणि त्यावर गाय-डुकराची चरबी आहे ही वार्ता जानेवारी १८५७ मध्ये डमडमहून पसरली. सरकारने मग शिपायांना आपापले वंगण स्वतः लावण्याची मुभा दिली, पुढे दाताऐवजी हाताने तोडण्याची कवायतही आली. पण तोवर संशय चरबीवरून कागदावर गेला होता. फेब्रुवारीत बराकपूरला झालेल्या चौकशीत शिपायांनी सांगितले की हा कागद वेगळाच आहे, जाळला की चरचरतो आणि चरबीसारखा वास येतो. एप्रिलमध्ये मीरतेला ज्या ८५ घोडेस्वारांनी काडतुसे नाकारली ती तर जुन्याच प्रकारची होती. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच वर्षी उत्तरेत गेले होते, त्यांच्या 'माझा प्रवास'मध्येही काडतुसांची हकीकत आहे. मला मात्र बराकपूरचे शिपाई वाचताना आजोबाच दिसतात. हाती दिलेल्या वस्तूवर विश्वास नसला म्हणजे माणूस ती आगीवर धरून बघतो.

राहिली परीक्षा. उडालेली चिंधी नळीपुढे पाच-दहा पावलांवर पडते, ती उचलून वाचायची असते. मध्यभागी काळा डाग आणि कडा नुसत्या उसवलेल्या असतील तर कापड योग्य. गोळाकार जळकी भोके पडली असतील तर कापड पातळ किंवा वीण सैल. सरळ चिरा असतील तर दोष कापडाचा नाही, नळीचे तोंड धारदार आहे. आणि चिंधी सापडलीच नाही तर शोधत राहायचे, विशेषतः शिमग्याच्या दिवसांत.

धुतलेल्या गादीपाटाचे चौकोन कापून, खोबरेल आणि मेण लावून, मी जानेवारीत कुडाळला जाणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर काकांकडे पाठवले. आजोबा आता नाहीत. काकांनी आधी जमिनीवर पाणी मारून घेतले आणि मग बार काढला, असे काकूने फोनवर सांगितले. दुसऱ्या दिवशी काकांनी उडालेल्या तुकड्याचा फोटो पाठवला. कडा तपकिरी झाल्या होत्या, मधले कापड शाबूत होते आणि निळे पट्टे ओळखू येत होते. खाली लिहिले होते, "आणखी दोन मीटर धाड."